शादलूला सोडलं ते बरोबर होतं का? कबड्डीच्या रिटेन-रिलीजचं गणित

(या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातलं थोडं वाचण्यासाठी नीट केलंय, बाकी जसंच्या तसं.)

कानात हेडफोन घालून सोयाबीनच्या वावरात असाल, वाशिमहून अकोल्याच्या एसटीत असाल, नाही तर अभ्यासिकेत पुस्तकाआड मोबाईल धरून बसले असाल, सगळ्यांचं स्वागत.

प्रो कबड्डीच्या सीझन १३ साठी कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, यावर आपल्या ग्रुपवर रोज भांडणं चालू आहेत. एकजण म्हणतो, "अस्लमला हात लावायचा नाही." दुसरा म्हणतो, "स्टार आणा, पैसे ओता." आणि तिसरा हमखास तोच जुना प्रश्न उकरून काढतो : "पुणेरी पलटणने शादलूला सोडलंच कशाला?"

मी पलटणचा चाहता. वाशिमचा माणूस पुण्याच्या टीममागे का, असं पुष्कळ लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. विदर्भाची टीमच नाही या लीगमध्ये. मग आपली पोरं ज्या टीममध्ये जास्त दिसतात, तिच्यामागे जायचं. तर आज तो शादलूचा प्रश्न आपण नीट सोडवू. भावनेनं नाही, आकड्यांनी. आणि त्यातून एक पद्धत काढू, म्हणजे पुढची यादी आली की तुम्ही स्वतःच हिशोब मांडू शकाल.

आधी नियम समजून घ्या

क्रिकेटमध्ये 'ट्रेड' हा शब्द आता सगळ्यांना माहीत झालाय. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हार्दिक पांड्या गुजरातमधून परत मुंबईत आला, तो ट्रेड. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईने रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला दिले आणि संजू सॅमसन घेतला, तोही ट्रेड. दोन टीम समोरासमोर बसतात, खेळाडूची संमती घेतात आणि सौदा होतो.

कबड्डीत खरा खेळ चालतो तो रिटेन आणि लिलावाचा. सीझन संपला की प्रत्येक टीम यादी देते. काही अनुभवी खेळाडू ठेवते, काही तरुण खेळाडू ठेवते, ज्या नवख्यांचा करार अजून चालू आहे ते आपोआप राहतात. बाकीचे लिलावात जातात. लिलावात खेळाडूंचे चार गट असतात. मूळ किंमत 'अ' गटात ३० लाख, 'ब' गटात २० लाख, 'क' गटात १३ लाख आणि 'ड' गटात ९ लाख.

९ लाख कमी वाटतात का? आपल्या भाषेत सांगतो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे ९ लाख रुपये म्हणजे जवळपास १६९ क्विंटल सोयाबीन, तेही हमीभावाने विकलं गेलं तर. एकरी साडेसहा क्विंटल धरले, तरी सव्वीस एकरांचं पीक झालं. खर्च अजून वजा केलाच नाही. म्हणून या याद्यांमध्ये एखादं नाव असणं किंवा नसणं ही नुसती चाहत्यांची करमणूक नसते. एखाद्या घराचं सगळं चित्र त्याने बदलतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. एका टीमला सगळ्या खेळाडूंसाठी मिळून ५ कोटींची पर्स असते. ठेवलेल्या खेळाडूंचे पैसेही त्यातूनच वजा होतात. आणि टीममध्ये किमान १८, जास्तीत जास्त २५ खेळाडू लागतात.

अजून एक हत्यार आहे : फायनल बिड मॅच. आपला सोडलेला खेळाडू लिलावात गेला, दुसऱ्या टीमने शेवटची बोली लावली, तर जुनी टीम म्हणू शकते, "एवढ्या पैशात आम्हीच घेतो." हे कार्ड मोजकंच मिळतं.

क्रिकेटमधलं असंच कार्ड आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माच्या बाबतीत फार मजेशीर पद्धतीने वापरलं गेलं. पंजाब किंग्जकडे तो २० लाखांवर होता. त्यांनी त्याला रिटेन केलं नाही. २०२४ च्या मोठ्या लिलावात बंगळुरूची बोली ७ कोटींवर थांबली, तेव्हा पंजाबने आपलं कार्ड काढलं. तिथल्या नियमानुसार बंगळुरूला एकदा आकडा वाढवायची संधी होती. त्यांनी थेट ११ कोटी सांगितले. पंजाबने हात जोडले. आणि ३ जून २०२५ ला आयपीएलच्या फायनलमध्ये याच पंजाबविरुद्ध जितेशने १० चेंडूंत २४ धावा ठोकल्या. बंगळुरू पहिल्यांदा चॅम्पियन झालं.

आता तुम्ही म्हणाल, "बघा, पंजाब चुकलं!" थांबा. शादलूचं ऐका, मग बोला.

शादलूची तीन वर्षं, तीन जर्सी

मोहम्मदरेझा शादलू, इराणचा डिफेंडर. डाव्या कोपऱ्यात उभा राहिला की रेडरला बोनसची रेषा ओलांडताना दोनदा विचार करावा लागतो. आधी तो पाटणा पायरेट्सकडे होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत सीझन १० चा लिलाव झाला आणि पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं.

हिशोब मांडा. ५ कोटींपैकी २.३५ कोटी, म्हणजे ४७ टक्के एका माणसावर. उरले २ कोटी ६५ लाख. त्यात किमान १७ जण. माणशी सरासरी साडेपंधरा लाख.

कुठल्याही टीमला हे जड गेलं असतं. पलटणला का नाही गेलं? कारण त्यांनी बाकीची टीम आधीच, स्वस्तात, घरी तयार केली होती. अस्लम इनामदार, मोहित गोयत, अबिनेश नादराजन ही पोरं सीझन ८ पासून एकत्र खेळत होती. तरुण खेळाडू म्हणून आलेली, त्यामुळे त्यांचा भार कमी. तयार घराला एक भक्कम खांब हवा होता, तो शादलूच्या रूपाने आला.

निकाल आपल्याला माहीत आहे. शादलूने त्या सीझनमध्ये ९९ टॅकल पॉइंट्स काढले आणि सर्वोत्तम डिफेंडर ठरला. अस्लम सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये फायनल झाली. पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण आणले आणि पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा ट्रॉफी उचलली. गंमत बघा, त्याच्या चार-पाच महिने आधी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये अस्लम भारताकडून होता आणि शादलू समोर इराणकडून.

मग ऑगस्ट २०२४. सीझन ११ चा लिलाव. पलटणच्या रिटेन यादीत शादलू नाही! त्याला घेतलं कोणी? हरियाणा स्टीलर्सने. फायनलमध्ये ज्याच्यामुळे हरलो तोच माणूस आपल्याकडे आणू, असं साधं गणित. किंमत २ कोटी ७ लाख.

पुढे जे झालं ते पलटणच्या चाहत्यांना अजून टोचतं. अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली, तो सीझनमधून बाहेर. गतविजेती पलटण पहिल्या सहातही आली नाही. आणि २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवून ट्रॉफी घेतली. शादलू त्या सीझनचा सर्वात मौल्यवान खेळाडू. फायनल कुठे होती? पुण्यात, बालेवाडीला. आपल्याच अंगणात, आपलाच जुना माणूस, दुसऱ्याची जर्सी.

इथे थांबलं तर निकाल सोपा आहे : पलटणने घोडचूक केली. बहुतेक जण इथेच थांबतात.

पण गोष्ट पुढे आहे. हरियाणानेही चॅम्पियन झाल्यावर त्याला ठेवलं नाही. २०२५ च्या लिलावात गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख मोजले. तोच शादलू, तोच दम. गुजरात पहिल्या आठातही आलं नाही. आणि शादलूविना पलटण? सीझन १२ मध्ये साखळी फेरीत पहिल्या नंबरवर. फायनलपर्यंत गेली.

म्हणजे एकाच खेळाडूने दोन टीमना ट्रॉफी दिली आणि तिसरीला काहीच नाही. मग फरक कशात होता? उरलेल्या सहा जणांत. पलटण आणि हरियाणा या दोघांकडे घर उभं होतं.

पवनचं उदाहरण याहून कडक आहे

पवन सेहरावत. रेडर म्हणून किती मोठा, हे मी सांगायची गरज नाही. सीझन ९ मध्ये तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच मॅचमध्ये गुडघा गेला, सीझन संपला. पर्सचा मोठा हिस्सा बाकावर. पण थलैवाज रडत बसले नाहीत. नरेंदर नावाच्या नवख्या पोराने २४० हून जास्त रेड पॉइंट्स काढले आणि टीम सेमीफायनलला गेली. तिथे पलटणकडून फक्त ३७-३९ अशी हरली.

सीझन १० मध्ये हाच पवन तेलुगू टायटन्सकडे गेला, २ कोटी ६० लाख ५० हजारांना. पर्सचे ५२ टक्के. त्याने एकट्याने दोनशेच्या वर रेड पॉइंट्स काढले. आणि टायटन्स २२ पैकी फक्त २ मॅच जिंकले. तळाला, बाराव्या नंबरवर.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. पवन बाहेर बसला तेव्हा टीम सेमीफायनलला. पवन जीव तोडून खेळला तेव्हा टीम शेवटची. याचा अर्थ पवन वाईट आहे असा काढू नका हं. रेडर गुण आणतो, पण समोरचा रेडर आला की पकड करायला कोपरा आणि कव्हर लागतात. आपली पकड झाली नाही तर पोरं बाहेर जातात. पोरं बाहेर गेली की लोण पडतो. स्टार बाहेर बसलाय आणि त्याला परत आत आणायला गुण मिळवणारा दुसरा कोणी नाही, मग दोनशे पॉइंट्सही पुरत नाहीत. कबड्डीत आऊट झालेल्याला जिवंत करावं लागतं, हे क्रिकेटसारखं नाही. म्हणून इथे दुसऱ्या-तिसऱ्या माणसाची किंमत जास्त.

पुढे पवनची किंमत १ कोटी ७२ लाख ५० हजारांवर आली आणि सीझन १२ ला ५९ लाख ५० हजारांवर. बाजार हळूहळू शिकतो.

मग यादी आली की काय बघायचं?

चार प्रश्न. मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा.

पहिला : हा माणूस पर्सचा किती हिस्सा खातो? लाख-कोटी बघू नका, टक्के बघा. ५ कोटींतले १ कोटी म्हणजे २० टक्के. चाळीसच्या वर गेलं की बाकीची टीम आधीपासून तयार आहे का ते तपासा. नसेल तर तो सौदा मला तरी पटत नाही.

दुसरा : त्याच्या मागे कोण उभा आहे? डाव्या कोपऱ्याचा माणूस सोडताय, तर बाकावर डावा कोपरा आहे का? की उजव्याला ओढून तिकडे उभं करणार? जागा सारखी दिसते, पण हात-पायाची सवय वेगळी असते. गावाकडे ज्याने कोपऱ्यात उभं राहून घोटा धरलाय त्याला हे सांगायला नको.

तिसरा : शरीर काय म्हणतं? गुडघा, खांदा, घोटा. आपल्याला स्क्रीनवर पॉइंट्स दिसतात, डॉक्टरचा रिपोर्ट दिसत नाही. टीमला तो दिसतो. म्हणून एखादा भारी खेळाडू अचानक यादीतून गायब झाला तर शिव्या घालण्याआधी त्याने शेवटच्या दहा मॅचमध्ये किती वेळ मॅटवर काढला ते बघा.

चौथा : तो गेला तर कोणाकडे जाईल? हा प्रश्न चाहते विसरतात. सोडलेला माणूस हवेत विरत नाही, तो तुमच्यासमोर येतो. सीझन ९ मध्ये पलटणचा कॅप्टन होता फजल अत्राचली. १ कोटी ३८ लाखांना आणलेला. पलटण फायनलला गेली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. पुढच्या वर्षी फजल गुजरातला गेला. आता ३१ ऑक्टोबर २०२५ आठवा, दिल्लीतली सीझन १२ ची फायनल. आपला आदित्य शिंदे पलटणला ओढत मॅचमध्ये आणतोय, आणि शेवटच्या क्षणांत समोरून पकड कोण करतं? दबंग दिल्लीचा फजल. दिल्ली ३१, पुणे २८. वय वाढलं होतं, किंमत उतरली होती, पण फायनलचा दबाव कसा खायचा ते त्याला माहीत होतं. अनुभवाचा एखादा माणूस कमी किमतीत बाकावर असावा, तो याचसाठी.

आता माझा निकाल

शादलूला दोन कोटींच्या वर ठेवणं परवडणारं नव्हतं, असं माझं मत आहे. पोरं मोठी होत होती, त्यांचेही पैसे वाढणार होते. एकाला ४०-४५ टक्के दिले असते तर मधल्या फळीतले दोन-तीन जण सोडावे लागले असते. म्हणून पहिल्या प्रश्नावर पलटण पास.

दुसऱ्या प्रश्नावर सीझन ११ मध्ये नापास. शादलू गेल्यावर आणि अस्लम जखमी झाल्यावर, दोन्ही जागा एकदम रिकाम्या पडल्या आणि तेवढी खोली बाकावर नव्हती. लोक शादलूच्या नावाने रडतात, पण मला त्या सीझनची खरी जखम अस्लमचा गुडघा वाटतो.

मग सीझन १३ साठी अस्लमचं काय? तो अहिल्यानगर जिल्ह्यातला, गावातून वर आलेला. आपल्याला तो आपल्यातला वाटतो, त्यामुळे डोळे झाकून "ठेवा" म्हणावंसं वाटतं. पण चार प्रश्न लावू. मागे कोण? पंकज मोहिते आणि आदित्य शिंदे, दोघंही चालणारे. शरीर? गुडघ्याचा इतिहास आहे. गेला तर? कोणतीही टीम उद्या त्याला कॅप्टन करेल. म्हणून मी म्हणतो, १ कोटीपर्यंत, म्हणजे पर्सच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत त्याला जरूर ठेवा. त्याच्या वर बोली गेली तर त्याला लिलावात जाऊ द्या आणि कार्ड हातात ठेवा. हे म्हणताना मला बरं वाटत नाही. पण चाहत्याला बरं वाटणं आणि टीम बरी होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हे आपल्या गावापर्यंत कसं येतं?

हे सगळं मुंबईतल्या एसी हॉलमधलं आहे असं समजू नका. मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, रिसोड, मालेगाव, कुठल्याही तालुक्यात जा, हिवाळ्यात वजनगटाचे सामने लागले की हाच लिलाव छोट्या रूपात होतो. मंडळाकडे वर्गणी ठरलेली. एक गट म्हणतो, बाहेरून तगडा रेडर आणू, बक्षीस पक्कं. दुसरा म्हणतो, आपले पोट्टे खेळवू.

समजा मंडळाकडे २० हजार रुपये आहेत. बाहेरच्या रेडरला एका सामन्यासाठी ८ हजार आणि गाडीभाडं दिलं, तर निम्मे गेले. तो येतो, चार बोनस मारतो, लोक शिट्ट्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो. गावातल्या ज्या पोराने सहा महिने पहाटे सराव केला, तो बाकावर बसून टाळ्या वाजवतो. असं दोन वर्षं झालं की तो पोरगा मैदानावर येणं बंद करतो. मग तिसऱ्या वर्षी दोन रेडर बाहेरून आणावे लागतात. तेलुगू टायटन्सचा सीझन १० गावात असाच घडतो, फक्त टीव्हीवर दिसत नाही.

बाहेरचा माणूस कधीच आणू नका असं मी म्हणत नाही. पलटणनेही इराणहून आणलाच की! पण त्यांनी आधी सहा जण घरचे उभे केले, मग सातवा आणला. गावातही क्रम तोच हवा. आणि बाहेरचा आणायचाच असेल, तर सामन्याच्या आदल्या चार दिवसांत बोलवा, त्याने आपल्या पोरांना दोन डाव शिकवून जावं. तेवढ्याच पैशात एक सामना नाही, एक शिदोरी मिळते.

अस्लम, पंकज, आदित्य, आकाश शिंदे ही नावं लीगमध्ये आली ती कुठल्या तरी मातीच्या मैदानावर कोणीतरी त्यांना बाकावरून उठवून "जा, तू कर चढाई" म्हटलं म्हणून. वाशिमचं नाव तिथे यायचं असेल तर ते वाक्य आपल्याला आधी म्हणावं लागेल.

तर आता काम तुमचं. सीझन १३ साठी पलटणची, नाही तर तुमच्या आवडत्या टीमची यादी बनवा. पाच जण ठेवा, प्रत्येकासमोर टक्के लिहा, मागचा माणूस लिहा. आणि ज्याला सोडताय त्याचं कारण एका ओळीत. व्हॉइस नोट करून पाठवा, एका मिनिटाच्या आत. "मला आवडतो" हे कारण चालणार नाही, ते माझ्याकडे आधीच भरपूर आहे!

भेटू पुढच्या भागात. तोवर दम धरा, आणि रेषेला हात लावूनच परत या.